प्रकल्प नोंदी : तयारीने निघालेली मुलं

२४ जून

विषय मंजूर झाला. मॅडमनी वहीत ‘क्रौर्य आणि बालपण’ असं शीर्षक लिहून दिलंय. ते आम्हा दोघींनाही पटलेलं नाही, पण शेवटी बदलता येईल म्हणाल्या. काम असं आहे: लहान वयात ज्यांच्या वाट्याला क्रौर्य आलं अशा मुलामुलींबद्दल वाचायचं, शक्यतो त्यांनी स्वतः लिहिलेलं. प्रत्येक वाचनानंतर नोंद करायची आणि सप्टेंबरमध्ये आठवी-नववीच्या मुलांसमोर सादरीकरण द्यायचं. निम्मे गुण माहितीला, निम्मे प्रतिसादाला.

अट एकच. प्रतिसाद अख्ख्या पुस्तकाला द्यायचा नाही, त्यातल्या एखाद्या जागेला द्यायचा. नमुना म्हणून त्यांनी गेल्या वर्षीच्या एका गटाची वही दाखवली. पानोपानी ‘मन सुन्न झालं’, ‘अंगावर काटा आला’, आणि समासात जिथे तिथे लाल पेनाने एकच प्रश्न: नेमकं कशाने?

जोडीदारीण म्हणाली, हे तर मराठीच्या पेपरपेक्षा अवघड झालं.

२९ जून

सुरुवात अ‍ॅन फ्रँकपासून. सगळे तिच्यापासूनच करतात, म्हणून मला नको होतं. पण जोडीदारणीने ती पूर्वी वाचलेली होती आणि मी फक्त धड्यात भेटलेली, त्यामुळे माझं काही चाललं नाही.

आधी तारखा, नाहीतर नंतर गोंधळ होतो. जन्म १२ जून १९२९, फ्रँकफर्ट, ज्यू कुटुंबात. तेराव्या वाढदिवसाला डायरी मिळाली. ५ जुलै १९४२ रोजी थोरल्या बहिणीला, सोळा वर्षांच्या मार्गोटला, नाझींकडून जर्मनीत कामासाठी हजर होण्याची नोटीस आली आणि दुसऱ्याच दिवशी कुटुंब अ‍ॅमस्टरडॅममधल्या वडिलांच्या कचेरीच्या मागच्या भागात लपायला गेलं. पुढे तिथे एकूण आठ जण झाले. ४ ऑगस्ट १९४४ रोजी पकडले गेले. मार्गोट आणि अ‍ॅन १९४५ च्या सुरुवातीला बर्गन-बेल्सनच्या छावणीत वारल्या. छावणी मुक्त झाली १५ एप्रिलला. आठांपैकी एकटे वडील, ऑटो फ्रँक, परत आले. डायरी छापली गेली १९४७ साली.

माझी जागा: सामान भरण्याची. लपायला जायचंय, कुठे ते माहीत नाही, आणि ही मुलगी शाळेच्या दप्तरात सगळ्यात आधी डायरी टाकते, मग केस कुरळे करायचे कर्लर, रुमाल, शाळेची पुस्तकं, कंगवा, जुनी पत्रं. कर्लर! उद्या काय होणार ठाऊक नसताना केस कुरळे करायची सोय घेऊन निघालेली मुलगी. मला हसू आलं. मॅडमना हे चालेल का विचारायला हवं. हसू हा प्रतिसाद धरतात का?

(विचारलं. धरतात, म्हणाल्या. कारण लिहायचं.)

कारण: कर्लर घेणारी मुलगी मरायला निघालेली नसते. आपण पुस्तक उघडतो तेच शेवट माहीत असताना, त्यामुळे पहिल्या पानापासून तिच्याकडे मेलेल्या माणसासारखं बघतो. ती मात्र काही दिवसांच्या, फार तर काही महिन्यांच्या हिशेबाने सामान भरत असते.

३ जुलै

अ‍ॅनचंच पुढे. आज टेबलाचं भांडण वाचलं. तिच्या खोलीत एक मध्यमवयीन दंतवैद्य राहायला आणलेले. डायरीत त्यांचं नाव डुसेल, खरे फ्रिट्झ फेफर. खोलीत टेबल एकच. १९४३ च्या जुलैत ती त्यांना विचारते की आठवड्यातून दोन दुपारी चार ते साडेपाच टेबल मला मिळेल का? ते साफ नाही म्हणतात. माझं काम महत्त्वाचं, तुझं काय? मग ती वडिलांना मध्ये घालते, वाटाघाटी होतात.

बाहेर माणसांना गाड्यांत कोंबून नेत होते आणि आत दीड तासाच्या टेबलावरून युद्ध. पण ते युद्ध मला मुळीच क्षुल्लक वाटलं नाही. तिला लिहायला, अभ्यासाला जागा हवी होती आणि तिने ती रीतसर मागितली, वेळ सांगून. अन्याय ओळखायला ती बाहेरच्या मोठ्या अन्यायाची वाट बघत बसली नाही.

जोडीदारीण डुसेलच्या बाजूची आहे. तिचं म्हणणं, पन्नाशी ओलांडलेला माणूस, जिच्याशी लग्न करायचं ती बाई बाहेर राहिलेली, आणि त्याला एका चौदा वर्षांच्या बोलघेवड्या मुलीबरोबर एका खोलीत ठेवलंय. त्याची बाजू कुणी छापली नाही. मुद्दा बरोबर आहे. फेफर डिसेंबर १९४४ मध्ये नॉयनगामे छावणीत वारले. त्यांची डायरी नाही.

आणखी एक. मार्च १९४४ मध्ये लंडनहून रेडिओवर डच मंत्री बोल्केस्टाइन म्हणाले की युद्धानंतर लोकांच्या डायऱ्या, पत्रं गोळा केली जातील. ते ऐकून अ‍ॅनने मे महिन्यापासून स्वतःची डायरी पुन्हा लिहायला घेतली. दोनशेहून जास्त सुटे कागद. काही गाळलं, काही जोडलं, खरी नावं बदलली, पुस्तकाचं नावसुद्धा ठरवून टाकलं. म्हणजे आपण जे वाचतो त्यातलं बरंचसं तिने छापण्याच्या तयारीने लिहिलेलं आहे. ‘निष्पाप मुलीचे सहज उद्गार’ असं कुणी म्हटलं की आता मला राग येणार. लेखिका काम करत होती!

८ जुलै

ग्रंथालयात दुसरं पुस्तक मिळालं नाही. पीडीएफवर काम चालवतोय.

१२ जुलै

डॉ. आंबेडकरांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. छोटंसं आहे, १९३०च्या दशकात लिहिलेल्या आठवणी, त्यांच्या हयातीत न छापलेल्या. पहिली आठवण साधारण १९०१ सालची, म्हणजे तेव्हा ते नऊ-दहा वर्षांचे.

वडील सातारा जिल्ह्यातल्या गोरेगावला नोकरीला. उन्हाळ्यात मुलांना तिकडे बोलावलेलं. मोठं माणूस सोबत नाही, सगळी पोरंपोरंच. प्रवासासाठी नवे कपडे शिवलेले, जरीच्या चमकदार टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं. पहिल्यांदाच आगगाडीत बसायचं. मसूर स्टेशनवर उतरतात. न्यायला कुणी आलेलं नाही. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो, कारण कपड्यांवरून पोरं चांगल्या घरची दिसतात. मग तो विचारतो, तुम्ही कोण? आणि लहानगा भीमराव विचार न करता खरं सांगून टाकतो: महार.

मास्तरचा चेहरा पालटतो आणि तो निघून जातो.

नंतर बैलगाडीवाल्यांपैकी कुणी तयार होत नाही. अखेर दुप्पट भाड्यावर एकजण होतो, तेही गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार या बोलीवर. डब्यात खायला भरपूर, पण प्यायला पाणी नाही. वाटेत डबकं लागतं ते शेणामुताने गढूळ. गाडीवान शिकवतो की टोलनाक्यावर मुसलमान आहोत म्हणून सांगा. हा मुलगा नाकेदाराशी हिंदुस्थानीत बोलून बघतो, उपयोग होत नाही. भरल्या डब्यासमोर मुलं उपाशी झोपतात.

माझी जागा या सगळ्यानंतर येते. वडील का आले नव्हते? तर मुलांनी पाठवलेलं पत्र त्यांच्या नोकराच्या हाती पडलं आणि तो ते द्यायला विसरला. बस, एवढंच. मी हे दोनदा वाचलं. विसरभोळेपणा सगळ्यांच्याच घरात असतो. दुसऱ्या कुणाची मुलं असती तर स्टेशनवर दोन तास खोळंबली असती, मास्तरने चहा पाजला असता आणि पुढे घरात तो किस्सा हसत सांगितला गेला असता. त्याच विसरण्याची या मुलांना मात्र एक अख्खी तहानलेली रात्र भरावी लागली. जातीचं क्रौर्य मला आजवर मारहाण, बहिष्कार असंच दिसायचं. इथे ते एका न पोचलेल्या पत्रातून आत शिरतं.

कपड्यांचं काय ते नीट सांगता येत नाहीये. कर्लरसारखंच काहीतरी आहे. नवीन टोपी घालून निघालेला मुलगा.

१४ जुलै

जोडीदारणीची जागा वेगळी आहे, नोंदवून ठेवते. त्याच लिखाणात शाळेबद्दल येतं: या मुलाने वर्गात बसायला स्वतःचं गोणपाट आणायचं आणि रोज घरी न्यायचं, कारण शाळा झाडणारा माणूसही त्याला शिवणार नाही. तहान लागली तर शिक्षकाची परवानगी आणि नळ उघडून द्यायला शिपाई, दोन्ही हवं. शिपाई नसेल तर पाणी नाही. ती म्हणाली, यात कुणी ओरडत नाही, मारत नाही, सगळे आपापलं काम करतायत. मुलाला तहान लागलीय आणि शिपाई आज रजेवर आहे, एवढंच.

तिची जागा माझ्यापेक्षा चांगली आहे. सादरीकरणात हीच घेऊ.

२१ जुलै

इक्बाल मसीह. पाकिस्तानातलं मुरिदके. चार वर्षांचा असताना घरच्यांनी सहाशे रुपयांची उचल घेतली आणि त्या बदल्यात तो गालिच्याच्या मागावर बसला. साधारण दहाव्या वर्षी सुटला, वेठबिगारीविरुद्ध काम करणाऱ्या संघटनेबरोबर बोलू लागला, स्वीडन आणि अमेरिकेपर्यंत गेला. १६ एप्रिल १९९५ रोजी गोळी घालून मारला गेला. कुणी आणि का, यावर आजही वाद आहेत.

उचल फिटत का नाही हे समजून घ्यायला वेळ गेला. आकडेमोडीला इथे अर्थच नसतो. शिकवण्याचा खर्च, अवजारं, जेवण, गाठ चुकली तर दंड, सगळं त्याच कर्जात चढतं आणि वर व्याज. हिशेब मालकाच्या वहीत, आणि मुलाला वाचता येत नाही. काम करील तितकं देणं वाढतं. लहान बोटांनी गाठी बारीक पडतात म्हणून मुलं हवीत, असं सर्रास सांगितलं जायचं. पाकिस्तानात वेठबिगारी बंद करणारा कायदा १९९२ मध्येच झाला होता.

प्रतिसाद जमत नाहीये. त्याच्याबद्दल जे काही मिळतं ते दुसऱ्यांनी लिहिलेलं. ‘छोटा वीर’, ‘मुलांचा आवाज’. त्याला मागावर बसून कंटाळा कसा यायचा, कोणाशी भांडण व्हायचं, सुटल्यावर पहिल्यांदा वर्गात बसल्यावर काय वाटलं, यातलं काही त्याच्या हातचं मला मिळालं नाही. त्याला डुसेल नाही. नुसताच पुतळा. ही तक्रार इक्बालबद्दल नाही, त्याच्यावर लिहिणाऱ्यांबद्दल आहे.

२ ऑगस्ट

चाचणी परीक्षेमुळे खंड पडला. आज लिटल रॉक.

अमेरिका, आर्कान्सॉ राज्य. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला होता. १९५७ च्या सप्टेंबरमध्ये सेंट्रल हायस्कूल या गोऱ्यांच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी जाणार असतात. राज्यपाल ऑर्व्हल फॉबस नॅशनल गार्डचे सैनिक शाळेभोवती उभे करतात. ३ सप्टेंबरच्या रात्री ठरतं की मुलांनी एकेकटं जायचं नाही, एका जागी जमायचं आणि मोठ्यांबरोबर जायचं. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या डेझी बेट्स घरोघरी फोन करतात. एलिझाबेथ एकफर्डच्या घरी फोन नसतो.

म्हणून ४ सप्टेंबरच्या सकाळी पंधरा वर्षांची एलिझाबेथ बसने एकटीच येते. शाळेच्या पहिल्या दिवसासाठी घरीच शिवलेला पांढरा ड्रेस, खाली चौकड्यांचा घेर. सैनिक दिसतात तेव्हा तिला वाटतं, हे आपल्या रक्षणासाठी. गोरी मुलं आत सोडली जाताना बघून ती त्याच वाटेने जाते. तिच्यासमोर सैनिक आडवे होतात. मागे जमाव ओरडत असतो. ती वह्या छातीशी धरून, काळा चष्मा लावून बसथांब्यापर्यंत चालत जाते आणि बाकावर बसते.

पुन्हा न पोचलेला निरोप! मसूरला पत्र, इथे फोन. जोडीदारणीला हे दाखवलं तर ती म्हणाली, योगायोग आहे, फार ताणू नकोस. ताणत नाही. पण ज्यांच्या बाजूला व्यवस्था उभी असते त्यांचा निरोप चुकला तर त्यांना उशीर होतो, आणि ज्यांच्या विरुद्ध उभी असते त्यांचा चुकला तर काय होतं, ते दोन खंडांत दोनदा वाचलं, एवढं मी लिहून ठेवणार.

आणि पुन्हा शिवलेले कपडे. आता मला ते सांगता येतंय. ही मुलं तयारीने निघालेली आहेत. दप्तर भरलंय, धोतराला रेशमाचा काठ आहे, घेराला चौकड्यांचं कापड लावलंय. आपल्यासमोर एक चांगला दिवस आहे असं धरून त्यांनी स्वतःला नीटनेटकं केलंय. मला थांबवतं ते हेच. फाटक्या कपड्यातल्या रडणाऱ्या मुलाचं चित्र बघून आपण दया करतो आणि मोकळे होतो. इस्त्री केलेल्या ड्रेसमधल्या मुलीवर दया करता येत नाही. ती आपल्याच वर्गात बसायला निघालेली असते.

५ ऑगस्ट

त्या सकाळचा विल काउंट्स या छायाचित्रकाराने काढलेला फोटो जगभर गेला. पुढे एलिझाबेथ, आणि तिच्या मागे तोंड वासून ओरडणारी गोरी मुलगी. तिचं नाव हेझल ब्रायन. तीही पंधरा वर्षांचीच.

आमच्या प्रकल्पाचा विषय क्रौर्य भोगणारी मुलं. मग हेझल कुठे बसवायची? जोडीदारीण म्हणाली, बसवायचीच नाही. मी म्हणाले, तीही मूलच आहे. यावर आमची बरीच जुंपली. तिचं म्हणणं, अशाने हळूहळू सगळी सहानुभूती हेझलकडे सरकते. ‘तिला घरच्यांनी तसं शिकवलं’ वगैरे सुरू होतं आणि एलिझाबेथ नुसती पार्श्वभूमी होऊन बसते. खरं आहे, तसं होतं. पुढची गोष्टही तशीच वापरली गेली. हेझलने काही वर्षांनी एलिझाबेथला फोन करून माफी मागितली. १९९७ मध्ये, चाळीस वर्षांनी, काउंट्सनेच दोघींचा शाळेसमोर हसरा फोटो काढला. त्याचं पोस्टर झालं, लोकांना हायसं वाटलं. काही वर्षांतच त्यांची मैत्री तुटली. त्याचं पोस्टर कोण काढणार?

मला हेझल वेगळ्या कारणासाठी हवी आहे. ज्यांच्यासमोर बोलायचंय ती आठवी-नववीची मुलं आहेत. त्यांच्यातल्या प्रत्येकाला वाटणार की आपण एलिझाबेथच्या जागी आहोत. वाचकाला नेहमी तसंच वाटतं, मलाही वाटलं. फोटोत मात्र एलिझाबेथ एकच आहे आणि मागे गर्दी आहे. जिचं तोंड उघडं होतं तिचं नाव इतिहासात राहिलं. तिच्या आजूबाजूला नुसत्या चालणाऱ्यांची नावं किती जणांना सांगता येतील?

त्या बाकावर नंतर न्यूयॉर्क टाइम्सचा एक बातमीदार, बेंजामिन फाइन, तिच्याशेजारी जाऊन बसला. ग्रेस लॉर्च नावाच्या गोऱ्या बाईने तिला बसमध्ये बसवून दिलं. दोघांनी केलं ते अगदी साधं होतं.

मॅडमनी निवाडा दिला: हेझलला एक स्लाइड, माफीची गोष्ट नको.

९ ऑगस्ट

मिनिजीन ब्राउन. नऊ जणांमधलीच. मला ही आजवर का माहीत नव्हती?

२५ सप्टेंबर १९५७ रोजी अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी पाठवलेल्या १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजन या लष्करी तुकडीच्या पहाऱ्यात नऊ जण शाळेत गेले. गोष्ट बहुतेक पुस्तकांत इथे संपते, झेंडा फडकतो. पण वर्ष तर तेव्हा सुरू झालं होतं. जिन्यात ढकलणं, थुंकणं, कपाटं फोडणं, रोज. आणि नऊ जणांना घरून, संघटनेकडून, सगळीकडून एकच सूचना: उत्तर द्यायचं नाही. डिसेंबरमध्ये जेवणाच्या खोलीत मुलं खुर्च्या आडव्या टाकून मिनिजीनचा रस्ता अडवत होती. तिच्या ट्रेमध्ये चिलीचा, म्हणजे मांस-राजम्याच्या रश्शाचा, वाडगा होता. तो दोघा मुलांच्या डोक्यावर गेला. तिला निलंबित केलं. परत आल्यावर पुन्हा छळ, पुन्हा तिचं एक तोंडी उत्तर, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये तिला शाळेतून काढून टाकलं. त्यानंतर गोऱ्या मुलांनी छापील कार्डं वाटली: एक गेली, आठ उरले.

माझी जागा: कार्डं. कुणीतरी बसून मजकूर ठरवला, छापून घेतला, मोजून वाटला. तयारी त्यांनीही केली होती.

आणि मिनिजीन गाळली का जाते, याचं मला वाटणारं कारण असं की ती ‘चांगली पीडित’ नाही. छळ सोसणाऱ्या मुलाने शांत, सोशिक आणि शक्यतो हसतमुख राहावं अशी वाचणाऱ्यांची अपेक्षा असते. वाडगा उलटला की सगळ्यांच्या भुवया वर. तो रस्सा वाचताना मला झालेला आनंद इथे लिहून ठेवते, गुण कापले तरी चालतील.

१७ ऑगस्ट

यानुश कोर्चाक आणि वॉर्सा घेट्टोतलं, म्हणजे पोलंडमध्ये नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतलं, त्यांचं अनाथालय. ते डॉक्टर, लेखक, मुलांच्या हक्कांबद्दल फार आधी बोललेला माणूस. त्यांच्या अनाथालयात मुलांचं स्वतःचं न्यायालय होतं, न्यायाधीश मुलं, आणि शिक्षकांवरही तिथे फिर्याद करता यायची. नियमावलीतली बहुतेक कलमं माफ करण्याची.

१८ जुलै १९४२ रोजी त्या मुलांनी रवींद्रनाथ ठाकुरांचं ‘डाकघर’ हे नाटक केलं. आजारी अमल, वैद्याने बाहेर जायला मनाई केलेली, खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलतो आणि राजाच्या पत्राची वाट बघतो. चारच दिवसांनी, २२ जुलैला, घेट्टोतून माणसं ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत न्यायला सुरुवात झाली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अनाथालयातल्या सुमारे दोनशे मुलांना नेलं. कोर्चाक आणि स्टेफानिया विल्चिन्स्का बरोबर गेले. कोर्चाकना जीव वाचवण्याची संधी दिली गेली होती. त्यांनी ती घेतली नाही.

सगळीकडे कोर्चाकच्या त्यागावर पानंच्या पानं आहेत. ती खरीच आहेत. मी तालमीवर अडकले. नाटक म्हणजे संवाद पाठ करणं, कुणीतरी मध्येच हसणं, पोशाखावरून भांडण, ‘तू खिडकीच्या फार पुढे येतोस’. उपासमार आणि टायफस चालू असताना यांनी तालमी केल्या. त्या तालमींबद्दल मला फार काही वाचायला मिळालं नाही, म्हणून पुढे लिहीत नाही.

एक जोड: १९७८ मध्ये मुलांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा प्रस्ताव पोलंडनेच मांडला. तो २० नोव्हेंबर १९८९ ला संयुक्त राष्ट्रांत संमत झाला. माहितीच्या गुणांसाठी उपयोगी.

२६ ऑगस्ट

मुक्ता साळवे. हिला शेवटी ठेवलं ते नकळत, पण बरं झालं.

जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेतली, मांग समाजातली, साधारण चौदा वर्षांची विद्यार्थिनी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये १८५५ साली दोन भागांत छापून आला. म्हणजे आम्ही जे करतोय, शाळेच्या कामासाठी क्रौर्यावर लिहिणं, ते तिने एकशे सत्तर वर्षांपूर्वी केलं. फरक असा की तिला पुस्तकं शोधावी लागली नाहीत.

भाषा जुनी आहे, पण अडत नाही. सुरुवातीलाच ती वाद घालते. वेद फक्त आमचे असं ब्राह्मण म्हणत असतील तर आम्हाला धर्मपुस्तकच नाही हे उघड झालं. मग आमचा धर्म कोणता ते देवानेच सांगावं. चौदाव्या वर्षी हा तर्क! मग पेशवाईतले प्रकार. तालीमखान्यापुढून मांग-महार गेला तर त्याचं शिर उडवून चेंडूसारखं खेळणं. माणसांना तेल-शेंदूर पाजून इमारतींच्या पायात पुरणं. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा वर छप्परसुद्धा नसतं, असं ती लिहिते.

माझी जागा गाढवाची. ती विचारते, लंगड्या गाढवाला कुणी मारलं तर त्याचा धनी मारणाऱ्याची फजिती केल्याशिवाय राहील का? पण मांग-महारांना मारू नका असं म्हणणारा कोण होता? मी इथे रडले नाही, सुन्न वगैरे तर मुळीच झाले नाही. मी जोडीदारणीला फोन करून ते वाचून दाखवलं. असा युक्तिवाद वाचला की तो दुसऱ्याला ऐकवावासा वाटतो. ती कुणाकडेही कीव मागत नाही. ती उलटतपासणी घेते.

शेवटी ती आपल्याच लोकांकडे वळते: तुम्ही रोगी आहात, ज्ञानाचं औषध घ्या. हा भाग मला थोडा उपदेशाचा वाटला. जोडीदारीण म्हणाली, ज्या मुलीला नुकतंच औषध लागू पडलंय ती दुसऱ्याला सांगणारच. गप्प बसले.

निबंधानंतरचं तिचं आयुष्य फारसं नोंदलेलं नाही.

३० ऑगस्ट

मुखपृष्ठावरून वाद. चित्र काढून देणाऱ्या वर्गमित्राने दोन नमुने आणले: एकात काटेरी तारेमागे मोठ्ठे पाणावलेले डोळे, दुसऱ्यात साखळीने बांधलेले इवले हात. सुंदर काढलेत. दोन्ही नकोत म्हटल्यावर तो वैतागला. ‘मग क्रौर्य दाखवायचं कसं?’

आम्ही त्याला यादी दिली: कर्लर, जरीची टोपी, चौकड्यांचा घेर, तालमीची वही, बोरू. तो म्हणाला, हे तर लग्नाच्या खरेदीसारखं दिसतंय. तेच हवंय म्हणालो. शीर्षकही त्यावरूनच ठरलं. इक्बालसाठी काय काढायचं ते कुणालाच सुचेना, म्हणून त्याची जागा मोकळी ठेवली आहे. मॅडम विचारतील, सांगू.

६ सप्टेंबर

रंगीत तालीम, आठवीच्या एका तुकडीसमोर. अ‍ॅनचा भाग लांबला, अर्धा कापायचा. टेबलाचं भांडण राहील, तारखा जातील. मसूरला वर्ग शांत झाला, पण गोणपाटाला प्रश्न आले. ‘घरी न्यायला विसरलं तर?’ असं एकाने विचारलं. लिखाणात त्याचं उत्तर नाही, तसंच सांगितलं.

हेझलच्या स्लाइडवर मागच्या बाकांवर कुजबुज. एक मुलगी म्हणाली, ती ओरडतेय पण तिने हात तर लावला नाही ना. आम्ही काही बोलायच्या आत तिच्याच शेजारची म्हणाली, ‘म्हणून काय!’ पुढे दोघींचं आपसांत बराच वेळ चाललं होतं.

मिनिजीनवर सगळा वेळ गेला. वाडगा टाकला ते बरोबर की चूक, हात वर करून मत घ्या, असा मुलांचाच आग्रह. मत घेतलं असतं तर ‘बरोबर’ प्रचंड बहुमताने निवडून आलं असतं, पण एका मुलाने आठवण करून दिली की शाळेने नाव कुणाचं कापलं ते बघा. मुक्तापर्यंत पोचेतो घंटा झाली.

मॅडमचं मत: मिनिजीनचा प्रश्न अनुत्तरित सोडा, मुलांना घरी विचार करू द्या. जोडीदारीण म्हणाली, माझ्याकडे उत्तर आहे आणि मी ते देणार. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, म्हणाल्या, मग दोन मिनिटांत द्या.

तर क्रम बदलला. आता मुक्ता पहिली, ती मी वाचणार, गाढवापर्यंत सलग, मध्ये कुठेही न थांबता समजावून सांगायला. अ‍ॅन तिसरी. मिनिजीन शेवटी, जोडीदारणीच्या वाट्याला. चौकड्यांच्या घेराचा रंग प्रिंटमध्ये फार गडद आला आहे, तो उद्या फिका करून घ्यायचा.